गाव हललं तरी

वीरप्पांचे कान फटाक्यांच्या कारखान्यात गेले. आता त्याच कारखान्यात त्यांचा मुलगा सोमेश कामाला होता. ऐकू यावं म्हणून वीरप्पा रेकॉर्ड फुल आवाजात लावायचे. मग टेबलावर प्लेअरशेजारीच ठेवलेला स्पीकर घुमायचा, प्लेअर थरथरायचा. त्यात दुपारी कारखान्यामागच्या माळावर नवा माल उडवून बघितला, की सुई टुणकन उडायची. वीरप्पा कारखान्याला शिव्या घालायचे.

रविवारी सोमेशनं स्पीकर टेबलावरून काढून पलीकडच्या भिंतीला ठेवला. सायकलच्या ट्यूबमध्ये थोडीशीच हवा भरली, तिच्यावर शहाबादी फरशी ठेवली, फरशीवर प्लेअर. मग टेबलाजवळ दणादणा पाय आपटून दाखवले. गाणं सरळ चालू राहिलं.

"आता गाव हललं तरी सुई हलायची न्हाय, आप्पा!" तो त्यांच्या कानाशी ओरडला.

सोमवारी दुपारी वीरप्पा डोळे मिटून गाणं ऐकत होते. कुणीतरी खांदा धरून गदागदा हलवलं, तसे त्यांनी डोळे उघडले. समोर बायको, शिवकांता. ती काहीतरी ओरडत होती, दाराबाहेर कारखान्याकडं हात करत होती. तिच्यामागं मांडणीवरची सगळी भांडी जमिनीवर पडलेली.

रोजच्यासारखाच माल उडवला असंल, असं वाटून वीरप्पांनी प्लेअरकडं बघितलं आणि हसले.

"बघ, लेकानं काय काम केलंय! सुई जरा बी हलली न्हाय."