तुलनेचा तक्ता

लिनक्सची सर्टिफिकेट परीक्षा महिनाअखेरीपर्यंत पास व्हा, नाहीतर सर्व्हर रूम दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल, असं मॅडमनी मला अगदी मायेने सांगितलं. मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या.

"अभ्यास कुठवर आलाय, काका?"

"सुरू करणारच आहे. पण पुस्तक कुठलं घ्यावं, तेच ठरेना. जाड पुस्तकात सगळं आहे, पण ते जुन्या आवृत्तीचं. व्हिडिओ नवे आहेत, पण त्यांत सराव नाही. सराव परीक्षा घ्याव्यात, तर त्यांची उत्तरंच चुकीची आहेत म्हणे."

मॅडमना हसू आलं. "अहो, कशाला एवढा काथ्याकूट? एक तक्ता आहे. कुणीतरी सगळी पुस्तकं, सगळे व्हिडिओ तपासून, एकेकाला मार्क देऊन बनवलाय. आमची अख्खी बॅच त्याच्यावर पास झाली. मीसुद्धा! थांबा, पाठवते."

मी जागेवर येईपर्यंत तक्ता आलाही होता. अठ्ठेचाळीस ओळी, सरावाचा रकाना पिवळा, शेरा हिरव्यात. चार वर्षांपूर्वी, अभ्यासाला बसण्याआधी, मीच बनवला होता.

मॅडमना सांगावं म्हणून उठलो. पण सांगणार काय? पुन्हा खुर्चीत बसलो, तक्त्याच्या तळाशी गेलो आणि एकोणपन्नासावी ओळ वाढवून कालच कळलेल्या एका नव्या पुस्तकाचं नाव लिहिलं.