पाहुणीचं फ्रेंच

शाळेच्या विद्यार्थी-अदलाबदलीत जर्मनीहून फ्रान्सला आलेली सोळा वर्षांची वीब्के शनिवार-रविवार यजमान कुटुंबाबरोबर त्यांच्या आजींच्या आंजे गावातल्या घरी आली होती. दोन दिवस सगळ्यांनी तिच्या फ्रेंचची मनसोक्त टर उडवली. रविवारी जेवताना आजी चीज आणायला आत गेल्या, तशी त्यांची सून जिसलेन नवऱ्याला म्हणाली, "ईस्टर झाला की तुझ्या आईला वृद्धाश्रमात ठेवू आणि हे घर विकून टाकू."

"अगं, परक्या पोरीसमोर काय बोलतेस!"

"तिला काय डोंबल कळतंय!"

वीब्केने मान खाली घालून पावाचा तुकडा मोडला. 'थांबा, चांगली जिरवते तुमची,' ती मनात म्हणाली.

निघताना गालाला गाल लावायच्या निमित्ताने तिने आजींच्या कानात सगळं सांगून टाकलं. अडखळत, पण एकही शब्द न गाळता.

आजींनी तिचा हात घट्ट दाबला.



"घर मी गेल्या महिन्यातच विकलंय, पोरी. मरेपर्यंत राहायचा हक्क तेवढा माझ्याकडे ठेवलाय. त्यांना सांगू नकोस हं, बसू देत वाट बघत."