दुसरा ब्रेक

“माझ्या हातचं काम चालेल तुम्हाला?” मिस्त्रीने विचारलं आणि फडक्याला हात पुसत तो उत्तराची वाट बघत उभा राहिला.

मापसाहेबांनी खोकं छातीशी धरलं होतं. आत स्टिअरिंगखाली बसवायचा एक दांडा होता. पुढे ढकलला की ब्रेक लागणार, मागे ओढला की गाडी वेग घेणार. पायाचं काहीच काम नाही. तीन वर्षांपूर्वीच्या अपघातात त्यांच्या मुलीचे दोन्ही पाय लुळे पडले होते, आणि तिला पुन्हा स्वतःची स्वतः कॉलेजात शिकवायला जायचं होतं. दांडा तिनेच मागवला होता.

खोकं चार महिने घरात पडून होतं, कारण मापसाहेबांना एकही मेकॅनिक पसंत पडत नव्हता. एक फारच तरुण होता, एक नको तितका बोलका. एकाने सूचनांचा कागद न वाचताच “होऊन जाईल” म्हणून टाकलं. साहेबांची उभी नोकरी दुकानदारांची वजनं-मापं तपासण्यात गेली होती, म्हणूनच सगळे त्यांना मापसाहेब म्हणत. खोट काढणं त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. शेवटी मुलगीच म्हणाली, “बाबा, हे काम इथे एकच माणूस धड करतो. तुम्हाला ठाऊक आहे कोण.”

ठाऊक होतं. अपघाताच्या आठवडाभर आधी याच मिस्त्रीने गाडीचे ब्रेक बदलले होते. साहेब चालवत असलेली गाडी सिग्नलला उभ्या असलेल्या ट्रकवर आदळली, तेव्हा हॉस्पिटलच्या दारातच ते म्हणाले होते, “ब्रेक लागलाच नाही.” पुढचं लोकांनी जोडून घेतलं. भावाने, मेहुण्याने, शेजाऱ्यांनी चार ठिकाणी सांगितलं. ज्या गॅरेजात गाड्यांची रांग लागायची तिथे आज एक जुनाट टेम्पो उभा होता. साहेबांनी लेखी तक्रार मात्र कधी केली नाही. लोकांना तो त्यांचा मोठेपणा वाटला.

“चालेल,” साहेब म्हणाले. खोकं देताना त्यांनी मिस्त्रीच्या तोंडाकडे बघितलं नाही.

मिस्त्रीने सूचनांचा कागद दोनदा वाचला. मग पुढची सीट काढून बाहेर ठेवली आणि उताणा होऊन गाडीत शिरला. साहेब स्टूल ओढून दाराशी बसले. खोक्यातले दोन बोल्ट मिस्त्रीने बोटात फिरवून बाजूला टाकले. “यांचे आटे मऊ आहेत,” तो म्हणाला, आणि स्वतःच्या डब्यातून दुसरे काढले. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर त्याने रंगाची रेघ ओढली, सैल झाला तर लगेच कळावं म्हणून. साहेबांची नजर त्याच्या हातावरून हलत नव्हती. एक तरी चूक सापडावी असं त्यांना वाटत होतं. एक जरी सापडली असती, तरी गेली तीन वर्षं थोडी हलकी झाली असती.

दुपार कलली. चूक सापडली नाही.

दांडा बसवून झाला तरी मिस्त्री थांबला नाही. तो वळसा घालून शेजारच्या सीटपुढे वाकला आणि तिथे खाली काहीतरी जोडू लागला. साहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते मनात वाक्य जुळवत होते.

“मिस्त्री.”

“बोला साहेब.”

“त्या दिवशी ब्रेक चांगला होता.”

पान्ह्याचा आवाज थांबला.

“मी फोनमध्ये बघत होतो. मान वर केली तेव्हा ट्रक समोर होता. ब्रेकवर पाय गेलाच नाही.” “तुमचं नाव मी घेतलं नव्हतं. पण लोक घेत होते, आणि मी गप्प बसलो.” मग फार हळू आवाजात, स्वतःचीच लाज वाटत, ते म्हणाले, “पोरीला एवढं कळू देऊ नका. शेजारीच होती, पण तिचं लक्ष बाहेर होतं.”

मिस्त्री गाडीबाहेर आला. बराच वेळ तो फडक्याने एकेक बोट पुसत राहिला.

“ताईंनीच तर मला सांगितलं,” तो म्हणाला. “हॉस्पिटलातून फोन आला होता त्यांचा. म्हणाल्या, तुमचं काम चोख होतं, मी शेजारी बसून सगळं बघितलंय. लोकांना खरं काय ते सांगते म्हणत होत्या. मीच म्हटलं, सध्या राहू द्या.”

“का?”

“तुम्ही अन्नाला शिवत नाही असं त्या रडत सांगत होत्या. राग आला नाही असं नाही साहेब. पुढे पुढे फार आला. पण राहू द्या असं मीच म्हटलं होतं, तो शब्द कसा परत घेणार?”

साहेबांची मान वर होईना. खाली बघता बघता त्यांना शेजारच्या सीटपुढे बसवलेलं नवं पेडल दिसलं.

“हे काय?”

“दुसरा ब्रेक. गाडी शिकवणाऱ्यांच्या गाडीत असतो तसा. ताईंनी सकाळी फोन करून लावायला सांगितला. सुरुवातीला काही दिवस त्या चालवणार आणि शेजारी तुम्ही बसणार. मी म्हटलं, ताई, काही गरज नाही, मी बसवलेला दांडा दगा देणार नाही.” मिस्त्रीने फडकं खांद्यावर टाकलं. “तर म्हणाल्या, दांड्यासाठी नको, बाबांसाठी लावा. या वेळी ते दाबतील.”