साठ पावलं मागे

गुरूच्याच कक्षेत, त्याच्या साठ अंश मागून सूर्याभोवती फिरणाऱ्या लघुग्रहांच्या नोंदी तपासणं हे लेकीचं काम. तिच्या टेबलाजवळच्या खिडकीतून खालचं गोल मैदान दिसायचं. ऑपरेशननंतर आई तिथे एकटीच चालायची. कुणी सोबतीला आलं तर घराबाहेर पाऊल टाकणार नाही, अशी तिची तंबी होती. म्हणून बाबा लपतछपत मागून चालायचे. साठ पावलं. लेकीने मोजली होती.

"बाबा, तुम्ही अगदी माझे लघुग्रह," ती म्हणाली.

"हळू बोल, आत आहे ती. पण काय गं, तुझे दगड कधी मागे पडत नाहीत?"

"नाही. सूर्य आणि गुरू मिळून त्यांना सांभाळतात."

"नशीबवान आहेत. आमचं आपलं आम्हीच बघायचं." बाबा गुडघा चोळत हसले.

दुसऱ्या दिवशी आईला फेऱ्यांना दहा मिनिटं जास्त लागली. लेक दाराशी धावली.

"आई, आज एवढी हळू का चालत होतीस? दुखतंय का कुठे?"

"मला काय धाड भरलीय!" आई चपला काढत म्हणाली. "ह्यांचा गुडघा ठणकतोय कालपासून. मागे राहिले असते ना."