पुढची जागा

स्फॅक्स शहरातल्या त्या गल्लीत मन्नूबियाबाईंना गाडीत मागे बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आधी नवऱ्याशेजारी, मग लेकाशेजारी, पुढची जागा त्यांचीच. पण आज दारात उभी असलेली ती स्वस्तातली चिमुकली गाडी सुनेची होती. सिहामने शिवणकारखान्यातल्या पगारातून पै-पै साठवून, सरकारी यादीत दोन वर्षं नंबर लावून ती मिळवली होती.

"आता गं काय करशील, वहिनी?" नणंद सालहा उंबऱ्यावरून खिदळली. "गाडी तिची, म्हणजे पुढे तीच बसणार. तू आपली मागे, रव्याच्या पोत्याला टेकून!"

"मला मागे बसवणारा अजून जन्माला यायचाय!" म्हणत मन्नूबियाबाई ताडताड निघाल्या, पुढचं दार उघडून ऐसपैस बसल्या आणि पट्टाही लावून मोकळ्या झाल्या. सिहामचा चेहरा एवढासा झाला. ती मागचं दार उघडू लागली.

"बघा! गाडी कुणाचीही येवो, सासू ती सासूच," सालहाने शेजारणीला कोपर मारलं.

तेवढ्यात लेक लस्साद बोटावर किल्ली फिरवत आला आणि नेहमीच्या सवयीने ड्रायव्हरच्या जागेकडे वळला.



"तू कुठे घुसतोस रे?" मन्नूबियाबाई कडाडल्या. "तिने लायसन काय उशीखाली ठेवायला काढलंय? दे तिला किल्ली, आणि तू पाय दुमडून मागे बस!"