सर्व्हरची वामकुक्षी

कर्वेनगरच्या बालवाचनालयाचा सर्व्हर मुलांना घरोघरी गोष्टी ऐकवायचा; दुपारी एक ते चार मात्र गप्प. “सर्व्हरलाही वामकुक्षी?” सुरुची हसली. सुट्टीतल्या मुलांसाठी ती सेटिंग्जमधली ‘दुपारी बंद’ ही ओळ खोडणार, तोच तिला सर्व्हरचं काम शिकवणारे अनंतआजोबा म्हणाले, “आधी कारण वाच. प्रत्येक बदलाची नोंद असते.” पंख्याच्या संथ घरघरीत ती एकेक नोंद मागे जात राहिली, पेंगुळल्यासारखी. दहा वर्षांपूर्वीची आजोबांचीच नोंद उघडली: ‘शेजारची सुरुची तापातही गोष्टी ऐकत राहते, झोपत नाही. दुपारी बंद.’ कपाळावरची ओली पट्टी, गोष्ट मध्येच बंद झाल्याने नदीतच थांबलेला हत्ती, मग गाढ झोप; सगळं तरंगत आलं. तिचं बोट थबकलं. “ओळ काढली, तर हेही जाईल?” “ओळ जाईल, नोंद राहील. काढ, पण कारण लिही.” तिने लिहिलं: ‘दुपारीही चालू. सुरुची आता बरी आहे.’