डावा डोळा मिटून

नोरीनने फांदीवरचं सफरचंद उजेडाकडे वळवलं, डावा डोळा मिटला आणि मान हलवली. "फिकंच आहे. अजून आठवडाभर थांबू."

"फिकं?" तिचा भाऊ गार्थ शिडीवरून उतरला. ह्युऑन नदीकाठच्या सगळ्या बागांत तोडणी सुरू झाली होती, यांचीच तेवढी अडली होती. "लालबुंद आहे ते. सकाळीच तळघरातली सायडर घेतलीस का? आईवर गेलीस अगदी."

आईचं नाव निघताच नोरीन पुढच्या झाडाकडे वळली. शेवटची काही वर्षं आई झाडांच्या रांगांतून झोकांड्या खात चालायची. सफरचंदाची दारू चढली म्हणायचं गाव; त्याचं तोंड कोण धरणार? पण फळ पारखावं तर तिनेच. डावा डोळा मिटून ती बघणार, ती हो म्हणाली की तोडणार, ही बागेची रीत. आता तो मान नोरीनकडे होता.

तिने दुसरं फळ पाहिलं. तेही धुऊन विटलेल्या कापडासारखं. मग सहज उजवा डोळा मिटून डाव्याने पाहिलं, तर तेच फळ लालभडक. उजवा डोळा फिरवला की आत दुखतही होतं. ती घाबरली. कुठल्या डोळ्याचं खरं मानायचं तेच तिला कळेना.

गार्थ तिला होबार्ट शहरात घेऊन गेला. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी लाल झाकण पुढे धरलं, तर नोरीनचा डावा डोळा आपसूक मिटला. तपासून झाल्यावर त्या म्हणाल्या, "उजव्या डोळ्याच्या नसेला सूज आहे. नजर बहुतेक परत येईल."

"पण हे झालं कशानं?"

"शोधावं लागेल. कधी विषाणू, कधी मांजराचा ओरखडा, कधी एखादं औषध. कधी शरीरच आपल्या नसांवर उलटतं, मग पुढे पायही लटपटतात. घरात कुणाला असं काही?"

"कुणालाच नाही," गार्थ म्हणाला.

"आणि तुम्ही डावा डोळा का मिटता?"

"आईनं शिकवलं."

"आईंना कुणी शिकवलं?"

आजोबा तर दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायचे. मग नोरीनला आठवलं. एका वर्षी आईने पिकलेली फळं कच्ची म्हणून झाडावरच सडवली होती. फसवणारा डावा डोळा मिटणं त्यानंतरचं.

गार्थने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तळघराला मी कुलूप लावलं होतं," तो म्हणाला. "सायडरचा थेंब मिळत नव्हता तिला. तरी ती पडायचीच."